सपाट दिसणारी वाट: जुन्या रेल्वेमार्गावर एकट्याने दिवसभर सायकल चालवायची असेल तर

प्रश्न थोडक्यात असा आहे: आजवर गटाबरोबर ४०-४५ किलोमीटरपर्यंत सायकल चालवली आहे. आता रूळ उचलून सायकलींसाठी खुल्या केलेल्या एका जुन्या रेल्वेमार्गावर एकट्याने जायचं आहे. सकाळी निघून त्याच वाटेने संध्याकाळपर्यंत परत, जाऊन-येऊन ७० किलोमीटर. मार्ग सपाट आहे, मोटारी नाहीत, मग वेगळी तयारी काय लागेल? आणि घरचे एकटं जाऊ नकोस म्हणतात, त्यात कितपत तथ्य आहे?

जा, जरूर जा. एकट्याच्या पहिल्या मोठ्या फेरीसाठी याहून चांगली जागा मला सुचत नाही. मात्र तुम्ही सगळा हिशोब ‘सपाट’ आणि ‘मोटारी नाहीत’ या दोन गोष्टींवर मांडला आहे, आणि त्या दोन्ही अर्ध्याच खऱ्या आहेत. हा मार्ग आखला गेला तो वाफेच्या इंजिनासाठी. इंजिनाला काय जमत होतं आणि काय जमत नव्हतं हे एकदा लक्षात आलं, की चढ कुठे लागेल, वारा कुठे झोडपेल, पाणी कुठे मिळेल, अडकलात तर बाहेर कुठून पडाल, हे सगळं घरी बसून नकाशावर वाचता येतं. एकट्याने जाणाऱ्याने ही वाट रेल्वेमार्ग म्हणूनच वाचावी, असं माझं ठाम मत आहे.

सुरुवात चढापासून करतो, कारण पहिल्यांदा येणारे बहुतेक जण इथेच चकतात. पोलादी रुळावर पोलादी चाक फार हलकं फिरतं. सपाटीवर मालगाडीचं एक टन वजन हलतं ठेवायला दोन-तीन किलोची ओढ पुरते. पण १ टक्का चढ आला, म्हणजे शंभर मीटरला एक मीटर, की टनामागे आणखी १० किलो ओढ लागते. आपल्या डोळ्यांना दिसणारही नाही एवढ्या चढाने इंजिनाचं काम चार-पाच पटींनी वाढतं. त्यात चाकं जागच्या जागी घसरण्याची भीती वेगळीच. म्हणून मुख्य मार्गांवरचे चढ शक्यतो १ ते २ टक्क्यांच्या आत ठेवत. डोंगर आडवा आला तर त्याच्या अंगाने लांब वळसा घ्यायचा, टेकाड आलं तर ते खोदून मधून वाट काढायची, दरी आली तर भराव टाकायचा नाहीतर पूल बांधायचा, आणि काहीच जमलं नाही तर बोगदा पाडायचा.

याचा आपल्या पायांवर होणारा परिणाम असा, की चढ लहान असतो, पण संपत नाही. अमेरिकेतला ग्रेट ॲलेगनी पॅसेज बघा. पिट्सबर्ग ते कंबरलँड असा हा सुमारे २४० किलोमीटरचा मार्ग आहे आणि त्याचा माथा साधारण ७२९ मीटर उंचीवर आहे. कंबरलँडकडून निघालात तर सुमारे ३८ किलोमीटरमध्ये ५४५ मीटर चढून माथ्यावर पोहोचता. सरासरी काढली तर दीड टक्क्याच्याही आत, पण मध्ये दम खायला उतार जवळजवळ नाही. पिट्सबर्गकडून त्याच माथ्यावर यायला २०० किलोमीटर मिळतात, आणि त्यातला बराचसा भाग चढाचा आहे हे सांगूनही पटत नाही. मार्ग एक, डोंगर एक, आणि एका दिवसाची फेरी कोणत्या टोकाकडून सुरू करता यावर संध्याकाळचे पाय ठरतात.

हा चढ डोळ्यांना का दिसत नाही तेही सांगतो. खोदून काढलेल्या भागात दोन्ही बाजूंना मातीच्या किंवा दगडाच्या भिंती असतात. त्यांच्यामध्ये क्षितिज दिसत नाही, आणि वाट अगदी एकसारखी वर जात असल्यामुळे तुलना करायला काहीच नसतं. सायकलवाल्याला एवढंच जाणवतं, की आज काहीतरी बिनसलंय. ब्रेक घासतोय का, टायरमधली हवा गेली का, काल झोप कमी झाली का, असे विचार सुरू होतात. एकटे असाल तर हे विचार लवकर वाढतात, कारण ‘अरे, चढ आहे हा’ असं सांगायला शेजारी कोणी नसतं. यावर उपाय साधा आहे. आदल्या दिवशी मार्गाचा उंचीचा आलेख बघा आणि कोणत्या किलोमीटरपासून कोणत्या किलोमीटरपर्यंत चढ आहे ते कागदाच्या चिठ्ठीवर लिहून हँडलला लावा. चढ आहे हे माहीत असलेला माणूस गिअर उतरवून शांतपणे चालवत राहतो.

थोडा हिशोब देतो, म्हणजे अंदाज येईल. माणूस, सायकल आणि सामान मिळून ९० किलो धरू, वेग ताशी १५ किलोमीटर, खाली दाबून बसवलेली बारीक खडी. सपाटीवर साधारण ५० वॅट ताकद लागते, हे रमतगमत चालवणं झालं. त्याच वेगाने २ टक्के चढायचं म्हटलं तर आणखी ७० ते ७५ वॅट. म्हणजे काम दुपटीहून जास्त. आता चढ विसरा आणि सपाटीवर समोरून ताशी २० किलोमीटरचा वारा येऊ द्या. तेव्हा त्या ५० वॅटवरचा जादा खर्च ९५ वॅटच्या आसपास जातो. हे आकडे अंगकाठी, कपडे आणि बसण्याची ढब यांप्रमाणे बदलतील, पण मुद्दा टिकतो: या वाटांवर समोरचा वारा हा सगळ्यात मोठ्या चढापेक्षा महाग पडतो. गटात पुढच्याच्या आडोशाने चालवता येतं. एकट्याला तो आडोसा नाही, आणि उंच भरावावर झाडांचाही आधार नसतो.

म्हणून दिशा ठरवताना माझा क्रम असा असतो. ये-जा असेल तर जाताना चढ आणि येताना उतार, हे पहिलं. पण अंदाजात २० च्या वर वारा असेल तर चढाचा विचार बाजूला ठेवून, जाताना वारा समोर आणि येताना पाठीशी राहील असं निघायचं. पुष्कळ ठिकाणी दुपारनंतर वारा वाढतो. सकाळी ताज्या पायांनी तो अंगावर घेतलेला परवडतो. काही मार्गांवर हा प्रश्नच येत नाही. अमेरिकेतल्या आयडाहो-मोंटाना राज्यांच्या सीमेवरचा २४ किलोमीटरचा ‘रूट ऑफ द हियावाथा’ बहुतेक लोक फक्त उताराच्या दिशेने चालवतात आणि बसने परत वर येतात. तशी सोय असेल तिथे शेवटची बस किती वाजता सुटते हे निघायच्या आधी विचारून घ्या. एकट्याची बस चुकली तर तो सगळा उतार पुन्हा चढावा लागतो.

आता शरीराबद्दल, आणि इथे मी थोडा जास्त वेळ घेणार आहे, कारण ४०-४५ किलोमीटरच्या अनुभवावर ७० चा अंदाज नेमका इथे चुकतो.

साध्या रस्त्यावर उतार येतो, आपण पेडल थांबवतो, उभे राहतो, वळणावर एका बाजूला झुकतो. शरीराला नकळत विश्रांती मिळत राहते. रेल्वेच्या वाटेवर यातलं काहीच नसतं. वळणं इतकी मोठी असतात की झुकावं लागत नाही, उतार इतका मंद असतो की पेडल मारणं थांबवलं तर सायकलही हळूहळू थांबते. तीन-चार तास तुम्ही एकाच जागी बसून, एकाच वेगाने, हात एकाच ठिकाणी ठेवून पेडल मारत असता. पाय थकण्याच्या आधी बूड दुखायला लागतं, तळव्यांना मुंग्या येतात, करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होतं, मानेत गाठ येते.

हे टाळायला ताकद लागत नाही, सवय लागते. दर दहा मिनिटांनी एक गिअर जड करायचा, उभं राहायचं, वीस-तीस पेडल मारायची आणि परत बसायचं. दुखायला लागल्यावर सुरू केलं तर उशीर झालेला असतो, म्हणून पहिल्या दहा मिनिटांपासूनच. हातांची जागा सारखी बदलत राहायची. सरळ हँडल असेल तर टोकांना छोटी शिंगं बसवून घेतली की पकडीला आणखी एक जागा मिळते. पेडल मिनिटाला ७५ ते ८५ फेऱ्यांनी फिरेल असा गिअर ठेवा. सपाटीवर जड गिअर लावून नेट लावायचा मोह होतो, आणि पन्नासाव्या किलोमीटरला गुडघा त्याची आठवण करून देतो. पॅड असलेली चड्डी वापरत असाल तर तिच्या आत दुसरं काहीही घालू नका, शिवण घासते. आणि नवी सीट, नवे बूट, बदललेली सीटची उंची यांपैकी काहीही या दिवशी पहिल्यांदा आजमावू नका.

पृष्ठभाग आणि टायर हा विषय लवकर संपवतो. डांबरी मार्ग असेल तर कोणतीही सायकल चालते. बारीक खडी किंवा चुनखडीचा चुरा दाबून केलेला असेल तर ३५ ते ४२ मिलिमीटर रुंदीचे टायर घ्या आणि हवा ३५ ते ४५ पीएसआयच्या (पंपावरचं हवेच्या दाबाचं माप) दरम्यान ठेवा, वजनाप्रमाणे थोडी इकडेतिकडे. टायरवर छापलेल्या कमाल आकड्यापर्यंत हवा भरली तर प्रत्येक खडा हातात जाणवतो. चुनखडीचा चुरा कोरडा असताना उत्तम असतो. पाऊस पडून गेला की तो मऊ पडतो, चाक किंचित रुततं, आणि ओली पेस्ट ब्रेक आणि चेनमध्ये जाऊन बसते. दोन दिवसांपूर्वी जोराचा पाऊस झाला असेल तर ७० किलोमीटरचे कष्ट ८५ एवढे धरून चला. खोदलेल्या भागात ऊन पोहोचत नाही, तिथला चिखल बाकी मार्ग वाळल्यावरही टिकून राहतो.

‘मोटारी नाहीत’ याबद्दल. बहुतांश वाटेवर नसतात, हे खरं. पण रेल्वे जिथे रस्ता ओलांडत होती तिथे तुम्हीही ओलांडणार आहात. पूर्वी फाटक बंद व्हायचं, रस्त्यावरची वाहनं थांबायची आणि गाडीचा मान पहिला असायचा. आता ते उलटं झालंय: बहुतेक ठिकाणी थांबायचं तुम्ही. तासभर एकही वाहन न दिसल्यामुळे लक्ष सैल पडलेलं असतं, आणि झाडीतून अचानक सायकल बाहेर येईल अशी गाडीवाल्याचीही कल्पना नसते. पूर्ण थांबा, पाय जमिनीला टेकवा, दोन्हीकडे बघा आणि मग निघा. कितीही सामसूम असली तरी.

याच ठिकाणी आणखी दोन गोष्टी जपायच्या. मोटारींना अडवायला वाटेच्या मधोमध खांब रोवलेले असतात. रस्त्यावरच्या गाडीकडे बघत ओलांडताना पलीकडचा खांब दिसत नाही, आणि संध्याकाळच्या उजेडात तर मुळीच नाही. दुसरी गोष्ट नाहीशा झालेल्या पुलांची. रेल्वेचा जो पूल रस्त्यावरून जात होता तो कित्येक ठिकाणी रेल्वे बंद झाल्यावर उतरवला गेला. मग वाट भरावावरून एकदम खाली रस्त्यावर उतरते आणि पलीकडे तशीच उभी चढते. दिवसभरात दोन टक्के न ओलांडलेल्या वाटेवर अचानक दहा-बारा टक्के येतात, तेही खडीवर, आणि उताराच्या तळाशी वाहता रस्ता. नकाशात वाट जिथे रस्त्याला छेदते तिथे उंचीच्या आलेखात खाच दिसली तर समजा की पूल गेलेला आहे. अशा उतारावर मी सायकलवरून उतरून चालतो, आणि एकट्याने जाणाऱ्या प्रत्येकाला तेच सांगतो.

शिल्लक असलेल्या पुलांवर बऱ्याचदा लाकडी फळ्या असतात. ओलं लाकूड, त्यावर शेवाळ किंवा सकाळचं दव असेल तर फार घसरतं. पुलावर चढायच्या आधी वेग कमी करा. पुलावर ब्रेक नको, वळण नको, सरळ रेषेत हळू चालवा. कुठे जुन्या रुळांचा तुकडा तसाच ठेवलेला असेल तर तो काटकोनात ओलांडा.

बोगदे हा या वाटांचा सगळ्यात सुंदर भाग आहे. मला आजही बोगद्याच्या तोंडाशी थांबून दगडी कमान आणि तिच्यावरची काजळी बघत राहावंसं वाटतं. त्या काजळीत माणसांचे कष्ट आहेत. इंग्लंडमध्ये बाथजवळचा कूम डाऊन बोगदा १,६७२ मीटर लांब आहे. मध्ये हवा खेळायला वाट नसलेला हा एकेरी बोगदा इंजिन चालवणाऱ्यांना धुराने गुदमरवून टाकायचा, आणि १९२९ मध्ये त्यात चालक बेशुद्ध होऊन भीषण अपघात झाला. १९६६ मध्ये मार्ग बंद झाला आणि २०१३ मध्ये तोच बोगदा सायकलींसाठी उघडला. आज आत दिवे आहेत, संगीतही लावलेलं असतं. पण सगळे बोगदे असे नसतात. हियावाथाचा सेंट पॉल पास बोगदा सुमारे २.७ किलोमीटरचा आहे. आत पूर्ण अंधार, बाहेर भर उन्हाळा असला तरी आत तापमान १० अंशांच्या खाली, छतातून पाणी ठिबकत असतं. तिथे दिवा आणि हेल्मेट सक्तीचं आहे. ताशी १२ किलोमीटरने गेलात तरी तेरा-चौदा मिनिटं त्या अंधारात काढायची असतात.

म्हणून बोगद्याच्या बाहेर थांबायचं, दरवेळी. काळा चष्मा काढायचा, जॅकेट घालायचं, पुढचा पांढरा आणि मागचा लाल असे दोन्ही दिवे लावायचे. पुढचा दिवा किंचित खाली रोखायचा, म्हणजे समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर येत नाही. मोबाईलचा टॉर्च हा दिवा नव्हे, कारण तो धरायला एक हात जातो आणि तोच हात ब्रेकला हवा असतो. उजेडातून आत शिरल्यावर डोळ्यांना पूर्ण सरावायला वीसेक मिनिटं लागतात, म्हणजे बहुतेक बोगदे त्याआधीच संपतात. तेव्हा दिसत नाहीये ते दिसेल या भरवशावर वेग ठेवू नका. भिंतीला लागून पाण्याचा चर असतो, त्यामुळे वाटेच्या मध्याकडे राहा आणि समोरून दिवा दिसला की वेळेत बाजूला व्हा. आत थांबू नका. पंक्चर झालंच तर सायकल हातात धरून, दिवे चालू ठेवून बाहेर या. अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातल्या एलरॉय-स्पार्टा मार्गावर, जो या प्रकारच्या अगदी पहिल्या मार्गांपैकी एक आहे, तिन्ही बोगद्यांतून सायकल चालवायची नाही, हातात धरून न्यायची असा नियम आहे. त्यातला सर्वांत लांब बोगदा १,१०० मीटरहून जास्त आहे. वेळेच्या हिशोबात अशी चाल धरावी लागते.

आणि बोगदा उघडा आहे ना, हे आधी बघा. थंड प्रदेशात पाणी गोठून छताला बर्फाचे सुळके लोंबतात आणि भिंतींचं नुकसान होतं, म्हणून कित्येक बोगद्यांचे दरवाजे हिवाळ्यात लावून घेतात. ग्रेट ॲलेगनीवरचा बिग सॅव्हेज आणि वॉशिंग्टन राज्यातला सुमारे ३.६ किलोमीटरचा स्नोक्वाल्मी बोगदा हिवाळ्यात बंद असतात. बोगदा बंद म्हणजे डोंगर ओलांडायचा दुसरा रस्ता, आणि तो रस्ता रेल्वेच्या चढाचा नसतो.

आता एकटं जाण्याचा मुख्य भाग. रेल्वेची वाट रस्त्यासारखी सगळीकडून उघडी नसते. खोदलेल्या भागात दोन्ही बाजूंना भिंत, भरावावर दोन्ही बाजूंना तीव्र उतार, मध्ये कुंपण, ओढे, शेतं. शंभर मीटरवर गाडीरस्ता दिसत असतो आणि तिथवर जाता येत नाही. बाहेर पडायच्या जागा ठरलेल्या असतात: जुनी स्टेशनं आणि रस्त्यांची क्रॉसिंग. इंजिनाला पाणी लागायचं, माल चढवायला गावं लागायची, म्हणून स्टेशनं ठरावीक अंतरावर आली. आजही पिण्याचं पाणी, शौचालय, सावली, माणसं बहुतेक तिथेच मिळतात. न्यूझीलंडच्या ओटागो सेंट्रल रेल ट्रेलवर, जो क्लाइड ते मिडलमार्च १५२ किलोमीटर आहे, रेल्वे कामगारांच्या शेडच्या धर्तीवर छोटे निवारे उभारले आहेत. वारा-पावसात तेवढा आडोसाही मोठा वाटतो. सगळ्या मार्गांवर ते नसतात.

तुमच्या चिठ्ठीवर चढांच्या खाली ही यादी लिहा: कोणत्या किलोमीटरला कोणतं स्टेशन, कोणतं क्रॉसिंग, तिथून पक्का रस्ता किती लांब, पाणी आहे की नाही. दोन जागांमध्ये १५ किलोमीटरचं अंतर असेल तर सायकल मोडल्यावर वाईटात वाईट साडेसात किलोमीटर चालावं लागेल, म्हणजे दीड-दोन तास. हा आकडा डोळ्यांसमोर असला की किती पाणी बरोबर ठेवायचं, किती वाजेपर्यंत परतायचं, हे आपोआप ठरतं. ज्या बुटांत साडेसात किलोमीटर चालता येत नाही ते बूट एकट्याच्या फेरीला नकोत.

परतायचं ठिकाण अंतरावर ठरवू नका, घड्याळावर ठरवा. समजा सूर्यास्त साडेसहाला आहे. साडेचारला परत पोहोचायचंच असं धरा, म्हणजे दोन तास हाताशी राहतात. सातला निघालात तर साडेनऊ तास मिळतात. त्यातले दोन तास थांबे, खाणं, फोटो आणि पंक्चरसाठी वगळा. उरलेल्या साडेसात तासांचा अर्धा, म्हणजे पावणेचार तास, जाण्याचा. थांब्यांचा अर्धा वेळ धरून पावणेबाराला जिथे असाल तिथून मागे फिरायचं, मग पुढचं स्टेशन तीन किलोमीटरवर का असेना. वारा पाठीशी घेऊन, उताराने, गेलात तर त्यातही तासभर कमी करा. ‘आलोच आहोत तर टोकापर्यंत’ हा विचार एकट्याला अडवणारं कोणी नसतं, म्हणून निर्णय आदल्या रात्री घेतलेला बरा.

ही वेळ घरच्या एका माणसाला लिहून द्या. कुठून निघणार, कुठवर जाणार, किती वाजता फिरणार, किती वाजेपर्यंत फोन येईल, आणि फोन आला नाही तर किती वेळ वाट बघून कोणाला कळवायचं. हा शेवटचा भाग लोक वगळतात, आणि तोच सगळ्यात कामाचा आहे. खोदलेल्या भागात आणि बोगद्यात फोनला सिग्नल नसतो, तेव्हा ‘फोन लागत नाही’ एवढ्यावर घरच्यांनी घाबरू नये, हेही सांगून ठेवा. नकाशा आधी फोनमध्ये उतरवून घ्या. वाटेवरच्या किलोमीटरच्या पाट्या बघत चला. मदत मागायची वेळ आली तर ‘अमुक स्टेशनच्या पुढे, ४३ आणि ४४ च्या पाटीमध्ये’ हे वाक्य फार उपयोगी पडतं.

आपण नेमके कुठे आहोत हे कधीकधी वाटतं तितकं सोपंही नसतं. जर्मनीतल्या आखेनपासून लक्झेंबर्गमधल्या ट्र्वाव्हिएर्जपर्यंत १२५ किलोमीटरचा फेनबान मार्ग आहे. पहिल्या महायुद्धानंतरच्या व्हर्सायच्या तहाने त्या रेल्वेची पट्टी बेल्जियमला मिळाली, आणि रूळ गेले तरी ती पट्टी अजून बेल्जियमचीच आहे. काही ठिकाणी तुम्ही बेल्जियममधून सायकल चालवत असता आणि दोन्ही बाजूंना जर्मनी असते. सुदैवाने ११२ हा तातडीचा क्रमांक तिन्ही देशांत चालतो. ज्या मार्गावर जाणार आहात तिथला क्रमांक पाठ असू द्या.

सामानात दोन ट्यूब, टायर उचलायचे लिव्हर, पंप, छोटा पाना-संच, चेनची जोडकडी आणि चेन तोडायचं हत्यार. टायर बाजूच्या भिंतीला फाटला तर आतून लावायला जाड प्लास्टिकचा तुकडा. हे सगळं वापरता येत असेल तरच त्याला अर्थ आहे. निघायच्या आठवड्यात एकदा मागचं चाक काढून ट्यूब बदला, कोणाची मदत न घेता. पंक्चर झालं की नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून बोटं फिरवून काटा शोधा, नाहीतर दुसरी ट्यूबही पाच मिनिटांत जाते.

खाण्यापिण्याचं साधं आहे. तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी, उन्हात जास्त, आणि तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं. भुकेची वाट न बघता घड्याळ बघून खा. चिडचिड होणं, ऊन असताना थंडी वाजणं, गिअर चुकीचा पडणं ही रक्तातली साखर उतरल्याची लक्षणं आहेत. गटात ती दुसऱ्याला आधी दिसतात, तुमची तुम्हालाच ओळखावी लागतील. दिसली की थांबा, गोड काहीतरी खा, पंधरा मिनिटं बसा.

घरच्यांची काळजी मी हलकी मानत नाही. तिला उत्तर द्यायचा मार्ग म्हणजे दिवस नीट निवडणं. पहिल्या वेळी सुट्टीचा दिवस घ्या, वाटेवर चालणारे, धावणारे, इतर सायकलवाले असतात, अडचणीत कोणीतरी थांबतं. गर्दीची किंमत एवढीच, की चालणाऱ्यांचा आणि लहान मुलांचा मान राखून हळू जावं लागतं, मागून येताना घंटी वाजवावी लागते. ब्रिस्टल-बाथ सारख्या २१ किलोमीटरच्या शहरी मार्गावर तर अंतर कापणं हा हेतूच ठेवू नये. दोन्ही कानांत इअरफोन घालू नका. वाटेत कोणाची सोबत नकोशी वाटली तर मनाचं ऐका, पुढच्या स्टेशनवर माणसांत थांबा, आपण कुठवर जाणार आहोत हे अनोळखी माणसाला सांगायची गरज नसते. आणि ‘एकटी’ जाणारी असेल तरी माझा सल्ला हाच आहे, फक्त घरी फोन करायच्या वेळा दोनऐवजी चार ठेवा.

राहिला ७० किलोमीटरचा प्रश्न. मार्ग डांबरी असेल, चढ १ टक्क्याच्या आत असेल आणि वारा मंद असेल, तर ४५ चा सराव असलेल्याला ७० जमतात. खडीचा मार्ग असेल आणि जाताना २५-३० किलोमीटर सलग चढ असेल, तर पहिल्या वेळी ५० ठेवा. त्याआधीच्या दोन-तीन आठवड्यांत एकदा तीन तास न थांबता सपाटीवर चालवून बघा, अंतर कितीही होवो. बूड, तळवे आणि मान त्या तीन तासांत जे सांगतील त्यावरून ५० की ७० हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठरवता येईल.